बर्फाच्या ट्रेमागचा स्पंज

पत्र, थोडक्यात: विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या वाचक ताई चार वर्षांपासून घरून केकच्या ऑर्डरी घेतात. मे महिन्यातल्या मदर्स डेच्या शनिवार-रविवारसाठी त्यांनी ११ केक घेतले, सात एगलेस आणि चार अंड्याचे. घरात ४० लिटरचा एकच ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा विजेचा ओव्हन. शुक्रवारी सहा स्पंज (क्रीम लावण्याआधीचे भाजलेले केक) झकास झाले. शनिवारी संध्याकाळी आठच्या सुमारास चॉकलेटचा स्पंज मधोमध बसला. त्याच्या पाठोपाठचा एगलेस फुगलाच नाही. रात्री दहाला लाईट गेली ती साडेअकराला आली, तोवर फेटलेलं क्रीम ढिलं पडलं. पहाटे तीनपर्यंत जागून दोन्ही स्पंज पुन्हा केले. रविवारी सकाळी फाँडंटच्या (साखरेच्या मऊ गोळ्याच्या) गुलाबांनी माना टाकल्या. दुपारी बाराला नवऱ्याच्या स्कूटरवरून निघालेल्या आंब्याच्या केकचं क्रीम वाटेतच एका बाजूला उतरलं, आणि त्या गिऱ्हाइकानं सगळे पैसे परत मागितले. सासूबाई म्हणाल्या, ‘कायले एवढे कुटाणे करतं व बाई.’ नवरा म्हणाला, ‘हौस म्हणून ठीक आहे, धंदा तुझ्याच्यानं व्हायचा नाही.’ ताई विचारतात, ‘माझ्या हातातच आता ते राहिलं नाही असं वाटतं. बंद करू का?’ पत्राच्या मध्यावर, कंसात, एक ओळ आहे: ‘(एका ताईंच्या सत्तरीच्या आईंना अंडं चालत नाही, त्यांच्या केकमध्ये चुकून अंड्याचा स्पंज गेला. रविवारी रात्री एगलेस स्पंज फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेमागे सापडला तेव्हा कळलं. पण त्यांना केक खूप आवडला, फोटोही पाठवला.)’

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्याबरोबर मीही त्या बसलेल्या चॉकलेट स्पंजसाठी हळहळले. दुसऱ्यांदा मात्र कंसातल्या ओळीपाशी थांबले. तिच्याकडे मी येणार आहे. आधी बसलेल्या केकचा निकाल लावू, कारण तुम्ही स्वतःला सगळी शिक्षा त्याच्यापायी दिली आहे.

‘माझ्या हातातच ते राहिलं नाही’ असं तुम्ही लिहिता. आपल्याकडे स्वयंपाकातलं सगळं हातावर घालायची जुनी खोड आहे. अमकीच्या हाताला चव, तमकीच्या हातचं लोणचं वर्षभर टिकतं. कौतुकापुरतं ते गोड आहे. बिघडलं की तोच हात गुन्हेगार ठरतो आणि मग खरं कारण कुणी शोधतच नाही. तुमच्या पत्रात कारणं जागोजाग पडली आहेत. तुम्ही वेळासुद्धा लिहिल्या आहेत, फक्त त्यांच्याकडे पाहिलेलं नाही.

शुक्रवारचे सहा स्पंज चांगले झाले. हात तोच, साहित्य तेच, ओव्हन तोच. बदलली ती वेळ. शनिवारी रात्री आठला, मे महिन्यात, तुमच्या गल्लीत किती कूलर आणि एसी चालू असतील? तेव्हा ट्यूब मिणमिणत होती का, पंखा मंदावला होता का, आठवून बघा. व्होल्टेज पडलं की ओव्हनची कॉइल नुसती थोडीशी गार होत नाही. शाळेत शिकलेला नियम आहे, उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टचे १८० झाले तर २,००० वॅटचा ओव्हन जेमतेम १,२२५ वॅटचा उरतो, म्हणजे साठेक टक्के. बटण १८० अंशांवर असतं, आत तेवढं तापमान होतच नाही. केक कडेनं शिजतो, मधे कच्चा राहतो. त्यात तुम्ही काळजीपोटी दार उघडून पाहिलं असणार (सगळ्याच पाहतात, मीसुद्धा), आणि अर्धा कच्चा मधला भाग खाली गेला.

यावर दोन स्वस्त उपाय आहेत. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो, तो घ्या. बटणावरच्या आकड्यापेक्षा त्याचं ऐका. आणि उन्हाळ्यात केक भाजायचं सगळं काम पहाटे चार ते आठ या वेळात उरका. व्होल्टेज बरं असतं, ओटा गार असतो, आणि मुख्य म्हणजे कुणी चहा मागत नाही.

दुसरा स्पंज, जो फुगलाच नाही, त्याचं कारण वेगळं आहे. पहिला केक अडकला म्हणून त्याचं पीठ ओट्यावर वाट बघत बसलं असेल. एगलेसमध्ये दही किंवा व्हिनेगर आणि सोडा असतो, ते एकत्र आल्याक्षणी बुडबुडे सुटू लागतात. ओव्हन रिकामा होईपर्यंत अर्धा तास गेला तर बुडबुडेही गेले. ढोकळ्याच्या पिठात इनो टाकल्यावर आपण बहिणीचा फोन घेतो का? तसंच हे. ओव्हन तापलेला आणि मोकळा असेल तेव्हाच ओलं आणि कोरडं एकत्र करायचं, तोपर्यंत दोन पातेली वेगळी.

फाँडंटच्या गुलाबांचा गुन्हेगारही घरातच आहे, खिडकीत बसलेला. कूलर हवा गार करतो ती ओली करून. फाँडंट म्हणजे शेवटी साखरच, ती ती ओल ओढून घेते आणि फुलं लोंबतात. फ्रीजमधून काढून थेट कूलरच्या झोतात ठेवलीत तर केकला घामच फुटतो. एसीची खोली असेल तर सजावट तिथं करा. नसेल तर मे-जूनपुरती फाँडंटची ऑर्डर घेऊच नका, चॉकलेटची सजावट द्या. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी वनस्पतीजन्य तेल असतं, टेंपरिंगची (चॉकलेट ठरावीक तापमानाला वितळवून गार करण्याची) कटकट नसते, उन्हाळ्यात ते जरा जास्त तग धरतं. चवीला डावं आहे, हेही गिऱ्हाइकाला सांगून टाकावं.

आणि स्कूटर. दुपारी बारा, मे महिना, विदर्भ, क्रीमचा केक. याला अपघात म्हणू नका हो. लग्नात आइस्क्रीमवाला काय करतो ते बघा आणि तसंच करा: थर्माकोलचा मोठा डबा, तळाशी गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून, वर खोका. केक रात्रभर फ्रीजमध्ये कडक झालेला हवा. पोचवायची वेळ सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर, आणि ती गिऱ्हाइकानं ठरवायची नाही, तुम्ही ठरवायची. शक्य तिथं ‘येऊन घेऊन जा’ म्हणा.

त्या आंब्याच्या केकचे ९०० रुपये मात्र पूर्ण परत करा. तुम्ही अर्धे देऊ केले, ते अडून बसले, तुम्हाला राग आला, हे सगळं समजलं. पण घरी पोचवायचं तुम्ही कबूल केलं होतं आणि पोचला तेव्हा तो केक राहिला नव्हता. घासाघीस करून वाचणारे ४५० रुपये तुम्हाला पुढची दोन वर्षं टोचतील. आणि उन्हात तासाभराहून जास्त फिरलेला क्रीमचा केक परत आला तर त्याचं काही करून विकायचं नाही, तो गेलाच.

बसलेला चॉकलेट स्पंज तुम्ही रात्रीच कचऱ्यात टाकला म्हणता. तिथं मला खरंच वाईट वाटलं. मधला कच्चा भाग काढला की कडेचा शिजलेला भाग उत्तम असतो, काचेच्या छोट्या बरण्यांमध्ये क्रीमसोबत थर लावले की त्याला हल्ली जार केक म्हणतात. माझी आई दिवाळीत अनारसे करायची. पीठ आंबवण्यात किंवा तुपाच्या आचेत काही चुकलं की अनारसा कढईत पसरून त्याची जाळी विखरायची. तेव्हा ती एवढंच म्हणायची, ‘हसला गं.’ बिघडला नाही, वाया गेला नाही, हसला. झाऱ्यानं तो चुरा निथळायला ठेवायची आणि पुढचा सोडायची. आम्ही पोरं त्या हसलेल्यांचीच वाट बघत असायचो. चार-पाच हसले तर आच बदलायची, पीठ सैल आहे का बघायची. त्यावरून आपण सुगरण आहोत की नाही हा प्रश्न तिला पडल्याचं मला आठवत नाही. पण तिचे अनारसे विकायचे नसत, हेही खरंच.

विकायचं असलं की हिशोब येतो आणि तुमचं खरं दुखणं तिथं आहे. ११ केक घेताना तुम्ही बहुधा ओव्हन मोजलात. मोठा टिन एका वेळी एक, अर्ध्या किलोचे दोन एकत्र, म्हणजे १० घाणे, प्रत्येकी तासभर, १० तास. दोन दिवसांत बसतंय की! पण तुमचा फ्रीज केवढा आहे? घरगुती फ्रीजमध्ये दहा इंची उंच खोके चार, फार तर पाच मावतात, तेही दूध, भाज्या आणि उन्हाळ्यातल्या पाण्याच्या बाटल्या हलवून. उरलेले सहा केक शनिवारी रात्री कुठं होते? जेवणाच्या टेबलावर ना? लाईट गेली तेव्हा क्रीम ढिलं पडणारच होतं. तुमच्या धंद्याची मर्यादा ओव्हन नाही, फ्रीज आहे. आज रात्री रिकामे खोके आत रचून बघा. जितके मावतील तितकीच त्या दिवसाची ऑर्डर, त्यावर एकही नाही, सख्ख्या नणंदेची असली तरी. केकच्या दिवसांत घरच्यांसाठी माठ भरून ठेवा, म्हणजे दर पाच मिनिटांनी कुणी फ्रीजचं दार उघडणार नाही.

शेवटच्या दोन ऑर्डरी तुम्ही शुक्रवारी रात्री घेतल्यात, ‘ओळखीतले आहेत, नाही कसं म्हणू’ म्हणून. म्हणता येतं. ‘या रविवारचं भरलं, सोमवारी देऊ का?’ एवढंच म्हणायचं. निम्म्या जणी सोमवार घेतात, हा माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी केकवालींचा अनुभव आहे.

आता कंसातली ओळ.

तुम्ही ती सगळ्यात लहान केलीत. स्कूटरवर १० ओळी, हिच्यावर अडीच. शेवटी ‘पण त्यांना आवडला’ असं लिहिलंत, जणू तेवढ्यानं ते मिटलं. मिटलं असतं तर तुम्ही ते लिहिलंच नसतं असं मला वाटतं. बिघडलेले बाकीचे केक वाईट दिसले. हा एकच केक छान दिसला, आणि बिघडलेला खरा हाच.

सांगू नये याच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे, ते मी झटकत नाही. नकळत पोटात गेलं त्याचा दोष खाणाऱ्याला लागत नाही, असं आपल्याकडची थोरली माणसं म्हणतातच. सत्तरीच्या बाईंनी आनंदानं केक खाल्ला, लेकीबरोबर फोटो काढला. आता फोन करून त्यांच्या जिवाला घोर कशाला? गप्प बसलं तर कुणाचं काय जातं?

तरी माझं मत सांगावं असंच आहे. एगलेस म्हणून तुम्हाला ऑर्डर देणाऱ्या माणसाकडे तपासायचं दुसरं साधनच नसतं. दिसून कळत नाही, खाऊन कळत नाही, निव्वळ तुमच्या शब्दावर तो घास जातो. ती लेक पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याकडेच येईल, त्याच भरवशावर, आणि तेव्हा तुम्ही हसून ‘हो, एगलेसच’ म्हणाल. ते मला जड वाटतं. शिवाय एखाद्या घरी एगलेस हवा असतो तो अंड्याच्या अॅलर्जीपायी. तिथं हीच चूक झाली तर प्रकरण दवाखान्यात जाईल.

फोन लेकीला करा, जिनं ऑर्डर दिली तिला. तिच्या आईंना नको. मेसेज नको, तो पुढे पाठवला जातो. बोलायचं ते इतकंच: ‘ताई, काकूंच्या केकमध्ये माझ्याकडून अंड्याचा स्पंज गेला. रविवारी रात्री माझ्या लक्षात आलं. चूक माझी आहे. तुमचे ९०० रुपये आजच पाठवते. काकूंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी कुणाकडे बोलणार नाही.’ आणि मग गप्प बसायचं. व्होल्टेज, जागरण, लाईट, यातलं एक अक्षर काढायचं नाही. पुढचा केक फुकट देते असंही म्हणू नका, आत्ता त्यांना तुमचा केक नको असेल. त्या चिडतील, कदाचित फोन आपटतील. गाव लहान आहे, चार घरी बोलणं होईल, दोन-तीन गिऱ्हाइकं तुटतीलही. तसं होणार नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या मते तरीही फोन करावा, आणि आठवडा उलटायच्या आत करावा. तुम्हाला नाहीच पटलं तर निदान एवढं करा, एगलेसच्या ऑर्डरी काही दिवस घेऊ नका, घरातली घडी बसेपर्यंत.

ती घडी कशी बसवायची? एकसारख्या फिल्ममध्ये गुंडाळलेले दोन पांढरे स्पंज पहाटे तीनला कुणालाच ओळखू येत नाहीत, त्यामुळे ओळखायची वेळच येऊ द्यायची नाही. एगलेसचा दिवस वेगळा आणि अंड्याचा वेगळा. आधी एगलेस, तेही सगळे खोक्यात बंद होईपर्यंत अंड्यांचा ट्रे ओट्यावर आणायचा नाही. टिन, ब्रश, बीटरची पाती वेगळी. ओव्हनमधून टिन बाहेर आला की त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर मार्करनं गिऱ्हाइकाचं नाव. ‘व्हॅनिला’ असं लिहून भागत नाही. एगलेसला हिरवी पट्टी, अंड्याला तपकिरी. बाजारच्या पाकिटांवर असतं तेच. लेबलच्या नियमात अंडं मांसाहारी खुणेखालीच येतं, चौकटीतला तपकिरी त्रिकोण. तुमच्या पत्रात एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नोंदणीचा उल्लेख नाही. नसेल तर करून घ्या, घरून विकणाऱ्यांनाही ती लागते, अर्ज ऑनलाइन होतो आणि १४ आकडी क्रमांक मिळतो. खोक्यावर तो छापला की ‘हौस आहे’ म्हणणाऱ्यांना जरा उत्तरही मिळतं.

नवऱ्याच्या त्या बोलण्याबद्दल. तुम्हाला ते लागलं, आणि तो रविवारी दुपारी बोलायला नकोच होता. पण त्याच्या वाक्यातला ‘धंदा’ हा शब्द उचलून घ्या आणि वही काढा. एक किलोचे नऊ केक, ९०० प्रमाणे ८,१००. अर्ध्या किलोचे दोन, ५०० प्रमाणे १,०००. एकूण ९,१००. तुम्हीच लिहिलंय, पुन्हा केलेले स्पंज धरून साहित्य ४,३०० चं. दोन केकचे परत द्यायचे १,८००. उरले ३,०००. गुरुवारच्या बाजारापासून रविवार रात्रीपर्यंत तुम्ही ४० तास राबलात म्हणता, म्हणजे तासाला ७५ रुपये, आणि वीजबिल अजून यायचंय. आता पाच केकचा हिशोब मांडा, भाव किलोला १,१०० करून, एकही न बिघडता. हे मी तुमच्यासाठी करत नाही, मुद्दामच. तुमच्या पेनानं आलेला आकडा तुम्हाला पटेल.

बंद करू का, याचं उत्तर तीन रात्री न झोपलेल्या बाईनं सोमवारी सकाळी द्यायचं नसतं. जून उजाडू द्या. पुढच्या आठवड्यातल्या ज्या दोन ऑर्डरी आधीच घेतल्यात त्या करा, पहाटे, एका दिवशी एक. त्यानंतर पंधरा दिवस ‘सध्या बंद’ अशी पाटी व्हॉट्सअॅपवर लावा. त्या पंधरा दिवसांत ओव्हनची आठवण आली तर एक गोष्ट कळेल, सुटल्यासारखं वाटलं तर दुसरी. आणि बंदच करायचं ठरलं तर तेही चालेल. चार वर्षं केक केले आणि थांबवले, यात कुणाला तोंड लपवावं लागत नाही. फक्त ते ‘माझ्या हातात नाही’ म्हणून थांबवू नका. शुक्रवारचे सहा स्पंज त्याच हातचे होते.

तो बर्फाच्या ट्रेमागचा एगलेस स्पंज अजून तिथंच असेल. मदर्स डेला तुमच्या घरात, दोन पोरांच्या आईला, कुणी केक दिल्याचं पत्रात कुठं दिसलं नाही. तो फोन झाला की स्पंज बाहेर काढा, तासभर राहू द्या, वर घरचा आमरस ओता आणि सासूबाईंना हाक मारा.